सांधा कुठे निखळतो? (पूल, इमारती आणि माणसांच्या व्यवस्था)

ओळंबा

पडलेल्या पुलांचे आणि इमारतींचे चौकशी अहवाल वाचायची मला जुनी आवड आहे. वाचता वाचता एक गोष्ट इतक्या वेळा समोर आली की त्यावर इथल्या मंडळींशी बोलावंसं वाटलं. तुळई मधोमध मोडली किंवा खांब नुसत्या वजनाने चिरडला, असं या अहवालांत कमी वेळा सापडतं. बहुतेक ठिकाणी सुटलेला असतो तो सांधा. आणि त्या सांध्याचा माग काढत मागे गेलं की दोन माणसांमधला, दोन कचेऱ्यांमधला एक सांधा आधीच सुटलेला दिसतो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलचं. १७ जुलै १९८१ च्या संध्याकाळी तिथल्या उंच दालनात टांगलेले दोन पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं गेली. चौथ्या मजल्याचा पूल आणि त्याच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा, असे दोन्ही छतापासून लोखंडी दांड्यांनी टांगलेले होते. मूळ आराखड्यात दांडा एकसंध होता. छतापासून निघायचा, वरच्या पुलाच्या तुळईतून आरपार जायचा आणि खालच्या पुलापर्यंत पोचायचा. प्रत्येक तुळईखाली एक नट. म्हणजे वरच्या नटावर फक्त वरच्या पुलाचा भार, आणि खालच्या पुलाचा भार दांड्यातून थेट छताला.

आता एवढ्या लांब दांड्याला आटे पाडायचे आणि नट खालून तिथवर फिरवत न्यायचा, हे काम किचकट. म्हणून लोखंडकाम करणाऱ्या कंपनीकडून बदल सुचवला गेला: एकाऐवजी दोन दांडे. पहिला छतापासून वरच्या तुळईपर्यंत, दुसरा वरच्या तुळईपासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर फरक बोटभर. पण एकाच दोराला दोघं लटकलेले असताना खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरावेत, तसं झालं. दोर तेवढाच ताणला जातो, वरच्याच्या मुठीवर मात्र दुप्पट ओझं येतं. इथे मूठ म्हणजे वरच्या तुळईखालचा नट. तुळई दोन चॅनेल (इंग्रजी C च्या आकाराचे लोखंडी भाग) समोरासमोर ठेवून, वेल्डिंग करून बनवलेली पेटी होती आणि दांड्याचं भोक नेमकं त्या वेल्डच्या रेषेवर होतं. नट तुळई फाडून वर निघून आला. तपासात असंही दिसलं की मूळचा सांधासुद्धा नियमाने लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के होता. बदलाने तेही निम्मं झालं.

बदलाचा हिशेब कोणी केला होता? कोणीच नाही. लोखंडकामवाल्यांनी धरलं की सांधा अभियंत्यांनी तपासलाय. अभियंत्यांकडे धरलं गेलं की सांध्याचा तपशील लोखंडकामवाले करतात. नकाशे आले, शिक्का बसला, परत गेले.

दुसरं उदाहरण कॅनडातल्या क्वेबेक पुलाचं. मुख्य गाळा, म्हणजे दोन मुख्य खांबांमधलं अंतर, १,६०० फुटांवरून १,८०० फूट केला गेला, पण वाढलेल्या स्वतःच्या वजनाचा हिशेब वेळेत नव्याने मांडला गेला नाही. खरं वजन कळलं तेव्हा काम इतकं पुढे गेलं होतं की ते तसंच चालवून घेतलं. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये बसून निर्णय देत होता. ऑगस्ट १९०७ मध्ये खालचे दाबाखालचे भाग वाकू लागल्याचं जागेवर मोजलं गेलं. ही वाकण वाढत होती. जागेवरचा तरुण अभियंता ते सांगायला आगगाडीने न्यूयॉर्कला गेला. कूपरने २९ ऑगस्टला तार केली की पुलावर आणखी भार चढवू नका. ती तार गेली पुलाचं पोलाद बनवणाऱ्या पेनसिल्व्हेनियातल्या कारखान्याच्या कचेरीत, क्वेबेकला नाही. त्याच संध्याकाळी पूल नदीत गेला. ७५ कामगार मेले, त्यांतले ३३ एकाच मोहॉक (तिथले मूळ रहिवासी) वस्तीतले.

पोलाद जोडणारे आणि माणसं जोडणारे सांधे असे वेगळे काढून अभ्यासता येतात, यावर माझा विश्वास उरलेला नाही. तुमचं काय मत?

---

लोखंडी_कैची

धागा मनापासून आवडला. मी बांधकामाच्या जागेवर काम करणारा माणूस, त्यामुळे पुस्तकी भर न घालता रोज डोळ्यांसमोर असलेली एक वस्तू सांगतो. कॉलमची रिंग.

कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ठरावीक अंतरावर ज्या चौकोनी कड्या बांधतात, त्या रिंगा. रिंगेची दोन टोकं एका कोपऱ्यात एकत्र येतात. तिथे प्रत्येक टोक १३५ अंशांत वाकवून कॉलमच्या गाभ्यात, आतल्या काँक्रीटमध्ये घुसवायचं असतं. भूकंपाचा विचार करणारा कुठलाही नियम हेच सांगतो. पण उभ्या सळयांची दाटी असली की १३५ चा हूक बसवताना फिटरची बोटं सोलून निघतात, म्हणून टोक ९० अंशांवर सोडलं जातं. कॉलम भरला, सेंट्रिंग काढलं की दोन्ही कॉलम दिसायला सारखेच. रोजच्या भारालाही सारखेच. वर्षानुवर्षं काही होत नाही.

फरक कळतो तो जमीन हलल्यावर. सळयांबाहेरचा काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, आधी सुटतं. ९० अंशांचा हूक त्या कव्हरच्याच आधाराने उभा असतो, तो उघडतो. रिंग सुटली की उभ्या सळया बाहेर फुगतात, आतला गाभा मोकळा होतो आणि मजलाच्या मजला खाली बसतो. १३५ चा हूक गाभ्यात रुतलेला असल्यामुळे कव्हर गेलं तरी रिंग धरून राहते. कॉलम वाकडा होईल, पुन्हा वापरता येणार नाही, पण माणसांना बाहेर पडायला वेळ मिळेल.

आता ओळंबांच्या मुद्द्याकडे येतो. ही रिंग तपासायची वेळ एकच, काँक्रीट ओतण्याआधीची. तेव्हा मिक्सर दारात उभा असतो, माल घट्ट होत चाललेला असतो, पंपाचं भाडं चालू असतं, आणि तपासणारा बहुधा जागेवरचा सगळ्यात नवखा इंजिनिअर असतो. "ओतायचं थांबवा" म्हणायचा अधिकार कागदावर त्याचा, पण म्हटल्यावर त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार ते त्याला माहीत नसतं. त्या इमारतीची ताकद त्या दहा मिनिटांत ठरते, असं मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

---

पाऊलवाट

रिंगेचं वाचून घरातल्या कॉलमकडे बघत बसले. फारच छान समजावलंत. वाचतेय.

---

अनवट

मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी, तेव्हा थोडा विरोध नोंदवते. समाजाला इमारत म्हणायचं रूपक मला धोक्याचं वाटतं. तुळईवर किती भार आहे हे तुळईला कळत नाही, आणि तिला बोलताही येत नाही. माणसाला दोन्ही येतं. त्यामुळे "समाजाचा सांधा सुटला" म्हणताना कोणाला कळत होतं, कोण बोललं आणि कोणाचं ऐकलं गेलं नाही हे विचारलं नाही, तर आपण सत्तेचा प्रश्न यंत्राच्या भाषेत लपवतो.

बांगलादेशात सावर इथे २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा पडली. मृत १,१३४. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले, दुकानं-कचेऱ्यांसाठी असलेल्या इमारतीत शिवणयंत्रांचे कारखाने आणि वर जनरेटर. हा झाला अभियांत्रिकीचा भाग. पण आदल्या दिवशी भेगा दिसल्या होत्या. इमारत पाहिलेल्या अभियंत्याने ती धोकादायक म्हटली होती. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र कामावर यायला सांगितलं गेलं, न आल्यास पगार कापायची धमकी देऊन. सकाळी नऊच्या सुमारास इमारत बसली.

माहिती एकच होती. ती बँकेच्या कर्मचाऱ्यापर्यंत पोचली तशीच शिवणयंत्रावरच्या बाईपर्यंतही पोचली. पण एकाला घरी राहता आलं आणि दुसरीला नाही. क्वेबेकची तार चुकीच्या कचेरीत गेली म्हणून अनर्थ झाला, असं निदान म्हणता येतं. इथे निरोप बरोबर जागी पोचला होता. पोचूनही उपयोग झाला नाही, कारण ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्यांच्या हातात नकार नव्हता.

म्हणूनच नंतर कपड्यांचे ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात जो अकॉर्ड करार झाला, त्यातला मला सगळ्यात महत्त्वाचा भाग तपासण्यांचा वाटत नाही. असुरक्षित वाटणाऱ्या इमारतीत शिरायला नकार देण्याचा हक्क त्यात कामगारांना दिला गेला, आणि करार कायद्याने बांधील होता. लोखंडी_कैची ज्या नवख्या इंजिनिअरबद्दल सांगतायत, त्याचाही प्रश्न हाच आहे.

---

ओळंबा

अनवट, विरोध मान्य, आणि मला तो धाग्याच्या पुढचं पाऊल वाटतो. मी निरोपाच्या वाटेवर थांबलो होतो. निरोप पोचल्यावर थांबवायची ताकद कोणाकडे, हा भाग मी मांडला नव्हता.

यात एक गोष्ट जोडतो. १९७४ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूए या अमेरिकी विमान कंपनीचं एक विमान डोंगरावर आदळलं, ९२ जण गेले. उतरण्याच्या सूचनेचा अर्थ वैमानिक एक लावत होते आणि नियंत्रक दुसरा. काही आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच जागी, त्याच गोंधळातून थोडक्यात वाचलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत सांगितलं, कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांना ते कळायची वाटच नव्हती. १९७६ पासून अमेरिकेत वैमानिकांनी आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात नाव उघड न होता कळवावा अशी व्यवस्था सुरू झाली. ती चालवायला दिली नासाकडे, कारण परवाना रद्द करणाऱ्या खात्यालाच माणूस आपली चूक कशी सांगेल? मला ही फार विचारपूर्वक घडवलेली जोडणी वाटते.

---

रेघ

अतिरिक्त आधाराबद्दल कोणी बोललं नाही अजून. पूल किंवा इमारत टिकते ती एखादा भाग गेला तरी भाराला दुसरी वाट असते म्हणून.

ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज साखळीने तोललेला होता, आणि साखळीच्या प्रत्येक कडीत पट्ट्या फक्त दोन. एका पट्टीच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकाजवळ, अडीच मिलिमीटरच्या आसपास खोल चीर गेली होती, गंज आणि ताण मिळून. बाहेरून दिसणं अशक्य. १५ डिसेंबर १९६७ ला ती पट्टी तुटली, दुसरीला एकटीने पेलवेना, आणि पूर्ण पूल गेला. ४६ मृत्यू. त्यानंतर अमेरिकेत पुलांची ठरावीक काळाने तपासणी देशभर सक्तीची झाली. जुन्या साखळी-पुलांत एकेका कडीत चार-सहा पट्ट्या असायच्या, तिथे एक गेली तरी पूल उभा राहिला असता.

लंडनच्या रोनन पॉइंटचंही तसंच. २२ मजली इमारत, १६ मे १९६८, अठराव्या मजल्यावर स्वयंपाकाच्या गॅसचा छोटा स्फोट. बाहेरची भारवाहक भिंत निघाली आणि इमारतीचा पूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत पत्त्यांसारखा गेला. चारच माणसं दगावली, पण कारण आणि परिणाम यांच्यातली तफावत इतकी होती की ब्रिटनचे बांधकाम नियम बदलले. एक भाग गेला तर नुकसान त्याच्या प्रमाणातच राहिलं पाहिजे, हे तत्त्व तिथून नियमांत आलं.

समाजात आपण हाच विचार करून सह्या वाढवतो. एकाऐवजी चार अधिकारी, चार शिक्के. माझा अनुभव उलटा आहे. चार सह्या असल्या की प्रत्येक जण उरलेल्या तिघांच्या भरवशावर सही करतो. पोलादाची दुसरी पट्टी पहिलीच्या भरवशावर सैल पडत नाही. माणूस पडतो. त्यामुळे इथे मी अनवटच्या बाजूने. चारऐवजी एकच सही ठेवा, आणि त्या माणसाला प्रत्यक्ष जाऊन बघायला वेळ द्या.

---

नदीकाठ

सगळी उदाहरणं पडलेल्यांची आली, म्हणून एक टिकलेलं. पेरूमध्ये अपुरिमाक नदीच्या घळीवर केस्वाचाका नावाचा झुलता पूल आहे, संपूर्ण गवताचा. इंका काळापासूनची परंपरा. गवताचा दोर फार टिकत नाही, पाऊस-ऊन खाऊन कुजतो. म्हणून आजूबाजूच्या केचुआ या मूळ रहिवासी समाजाच्या चार वस्त्या दरवर्षी जूनमध्ये जमतात आणि तीन दिवसांत जुना पूल काढून नवा विणतात. प्रत्येक कुटुंबाने आपल्या वाट्याचा बारीक दोर वळून आणायचा. त्या बारीक दोरांचे जाड दोर, जाड दोरांचे पिळून मुख्य दोरखंड. मग दोन्ही काठांवरून ओढून ताणायचे, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी विणत विणत कारागीर मधे भेटतात. २०१३ मध्ये युनेस्कोने हे ज्ञान आणि विधी अमूर्त वारशाच्या यादीत घेतले.

जवळच मोटारींचा पक्का पूल आहे. गरज म्हणाल तर केव्हाच संपली. तरी विणतात.

२०२० मध्ये साथीमुळे कोणी जमू शकलं नाही, पूल नव्याने विणला गेला नाही. मार्च २०२१ मध्ये तो तुटून नदीत पडला. जूनमध्ये वस्त्यांनी पुन्हा विणला.

ज्या पुलाला कोणाचा हात लागायची गरजच पडू नये अशी आपली अपेक्षा असते, तो शंभर वर्षांनी कोणाचाच राहत नाही. त्याची माहिती असलेला माणूस निवृत्त होतो, कागद गहाळ होतात. गवताच्या पुलाचं कसब मात्र दरवर्षी हातातून हातात जातं. सर्वांनी गवताचे पूल बांधावेत असं मी म्हणत नाही. पण देखभाल हा बांधकामानंतरचा खर्च धरायचा, की बांधकामाचाच भाग, हे आपण कधी ठरवलंय का?

---

खडूफळा

नदीकाठ, सुंदर लिहिलंत. पण अशा घट्ट समाजांचं कौतुक करताना दुसरी बाजूही बघावी लागते.

स्वित्झर्लंडमध्ये टोर्बेल नावाचं डोंगरी गाव आहे. सामायिक कुरणं शतकानुशतकं टिकवल्याबद्दल अभ्यासक त्याचा दाखला देतात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीही दिला, ज्यांना सामायिक साधनांच्या व्यवस्थापनावरच्या कामासाठी २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तिथला १५१७ चा नियम असा: हिवाळ्यात जितक्या गाई स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात गावाच्या कुरणावर सोडायच्या. किती साधा नियम आहे पाहा. मोजायला सोपा, शेजाऱ्यालाही तपासता येतो, आणि कुरणावरचा भार आपोआप मर्यादेत राहतो. अभियंत्यांना आवडेल असा.

पण त्याच गावाचा १४८३ चा दस्तऐवज सांगतो की बाहेरच्याने गावात जमीन विकत घेतली तरी त्याला सामायिक कुरणावर हक्क नाही. म्हणजे रचना टिकली ती दार लावून. टिकाऊपणा ही एकमेव कसोटी धरली तर आपण अन्याय्य पण भक्कम अशा पुष्कळ रचनांना उत्तम म्हणून बसू. काही व्यवस्था पडाव्यातच, आणि त्या पडताना खालची माणसं चिरडू नयेत एवढंच आपण बघायचं असतं.

---

अनवट

खडूफळा, शेवटच्या वाक्यासाठी मनापासून धन्यवाद. लोखंडी_कैची, अशी ठरवून पडण्याची सोय तुमच्याकडे असते का हो?

---

लोखंडी_कैची

असते, आणि भूकंपाच्या अभियांत्रिकीचा तो पाया आहे. खांब मुद्दाम तुळईपेक्षा बळकट ठेवायचा. म्हणजे इमारत जोरात हलली की आधी तुळईच्या टोकांजवळ सळया ताणल्या जाव्यात, तिथे भेगा पडाव्यात, हादऱ्याची शक्ती तिथे खर्ची पडावी. तुळई वाकली तर एका खोलीचं छत खराब होतं. खांब गेला तर वरचे सगळे मजले जातात. काय आधी तुटणार हे आराखडा करणाराच ठरवतो, आणि तिथे सळईचे तपशील जास्त काळजीने देतो. अनवट, माणसांच्या व्यवस्थेत या जागा कुठल्या ते तुम्हीच सांगू शकाल. मला वाटतं तक्रारीची खिडकी, संप, निवडणूक, न्यायालय या त्या जागा असाव्यात. त्या बंद केल्या की व्यवस्था जास्त ताठ दिसते, आणि ताण थेट खांबावर जातो.

पाऊलवाट, तुम्ही घरातल्या कॉलमबद्दल लिहिलंत म्हणून थोडं कामाचं सांगतो. रिंग आता दिसणार नाही, पण भेग दिसते. गिलाव्यावरच्या केसासारख्या, जाळीदार भेगांनी घाबरायचं कारण नाही, त्या बहुधा गिलावा सुकतानाच्या असतात. कॉलमवर तिरकी गेलेली भेग, तुळई-कॉलमच्या जोडावरची भेग, सळईच्या रेषेत उभी गेलेली आणि तांबूस डाग असलेली भेग, किंवा टिचकी मारल्यावर पोकळ वाजणारं कव्हर, ही लक्षणं वेगळी. तिथे गिलावा करून भेग बुजवू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा. गिलाव्याचा थर थोडा खरवडून, भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी सिमेंटने घट्ट चिकटवा. पट्टी तडकली तर भेग अजून हलतेय. त्या दिवशीची तारीख टाकून फोटो घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष बोलावून दाखवा, नुसते फोटो पाठवून त्याचं मत मागू नका. आणि त्याचं मत लेखी घेतल्यावर त्याची एक प्रत इमारतीतल्या प्रत्येक घरात जाईल असं बघा, भाडेकरूंच्याही.